पहिली सिनॉप्सिस : विषय शोधण्यापासून सही-शिक्क्यापर्यंत

जुलै उजाडला की एम.ए. भाग दोनची पोरं-पोरी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, एखादा विषय द्या ना." दुसरंही ठरलेलं, "एखादी जुनी सिनॉप्सिस असेल तर द्या, फॉरमॅट कळेल." यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला आणि तेव्हापासून ही दोन वाक्यं इतक्यांदा ऐकली की शेवटी लिहूनच काढावं म्हटलं. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य, गृहअर्थशास्त्र, काहीही असो. ज्यांना गावात जाऊन माणसांशी बोलायचं आहे त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांचं काम प्रयोगशाळेत आहे त्यांनी सरळ आपल्या गाईडला गाठावं.

कोणी सिनॉप्सिस म्हणतं, कोणी संशोधन आराखडा, कोणी प्रस्ताव. मला काय शोधायचं आहे, ते आधी कोणी शोधलंय का, मी कोणाला आणि कसं विचारणार, किती दिवसांत, एवढंच त्यात सांगायचं असतं. आठ-दहा पानांत होतं. पण पोरं प्रस्तावना सिंधू संस्कृतीपासून सुरू करतात, सहाव्या पानावर विदर्भात पोचतात आणि आपल्या गावापर्यंत येईतो पानं संपतात.

विषय आधी लहान करा

माझ्या स्वतःच्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक होतं 'विदर्भातील शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अध्ययन'. गाईडनी कागद वाचला, पालथा ठेवला आणि विचारलं, "विदर्भात जिल्हे किती?" म्हटलं, अकरा. "आणि तुझ्याकडं गाडी कोणती?" माझ्या खिशात एसटीचा पास होता. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत त्या पासावर जायचा माझा विचार होता की काय, हे मलाही सांगता आलं नाही. त्या दिवशी मिळालेलं माप मी आजही वापरतो : जिथं सकाळी जाऊन शेवटच्या एसटीनं घरी येता येतं, तेवढंच तुमचं क्षेत्र. एम.ए.ला दोन गावं भरपूर झाली.

पण नुसतं भूगोलानं लहान करून भागत नाही, प्रश्नही लहान व्हावा लागतो. एक पोरगी 'महिला शेतमजुरांच्या समस्या' घेऊन आली होती. मी विचारलं, घरी कोण जातं मजुरीला? "आई जाते ना, कापूस वेचायला." किती मिळतात? "ते किलोवर असते सर. पण शेवटी शेवटी रोजानं जाते." का? ती थांबली. तिला माहीत होतं की असं होतं. का होतं ते कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुझा विषय इथं आहे.

दिवाळीच्या आसपास बोंडं भरभरून फुटलेली असतात. हात भरभर चालतो, बाईला किलोवर परवडतं आणि वावरवाल्यालाही कापूस लवकर घरात येतो म्हणून बरं वाटतं. जानेवारी लागला, त्यातून कोणी फरदड (हंगाम संपल्यावरही न उपटता राखलेली पऱ्हाटी) ठेवली असली, की झाडावर कापूस विरळ होतो. दिवसभर वाकूनही ओटी भरत नाही. मग किलोचा दर चढवून द्यावा लागतो, नाहीतर रोज ठरवावा लागतो. हा दर ठरवतं कोण? वावरवाला? बायांची टोळी जमवणारी बाई? शेजारच्या गावचा भाव? की शेजारच्या गावाहून बाया आणणाऱ्या गाडीचं भाडं? इथून शीर्षक निघालं : 'कापूस वेचणीच्या मजुरीचा दर कसा ठरतो : दोन गावांतील महिला मजुरांचे अध्ययन'. 'समस्या' हा शब्दच गेला.

मोठे विषय घेऊच नका असं नाही. गडचिरोलीकडच्या एका पोराला वनहक्कावर काम करायचं होतं. कायदा 2006 चा, मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळाला आणि त्यावर देशभरातल्या लोकांनी लिहिलंय. त्यात आपण काय भर घालणार? पण त्याच्या स्वतःच्या ग्रामसभेनं मागच्या हंगामातला तेंदूपत्त्याचा पैसा कसा वाटला, कोणत्या बैठकीत काय वाद झाला, हे कोणी लिहिलेलं नव्हतं. ठरावाची वही गावातच होती. मेळघाटात काम करायचं असेल तर विषयाच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : कोरकू येते का? नसेल येत तर दुभाषी कोण, हे आराखड्यात लिहावं लागतं. तो दुभाषी गावचा पोलीस पाटील असेल तर उत्तरं कशी येतील, याचाही विचार तेव्हाच करा.

आधी काय लिहिलं गेलंय ते पाहा

'या विषयावर आजवर एकही संशोधन झालेले नाही' हे वाक्य मी दरवर्षी खोडतो. झालेलं असतं, आपण पाहिलेलं नसतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' हे भांडार मोबाईलवर उघडतं, तिथं देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत. त्याचंच भावंड 'शोधगंगोत्री'. तिथं मंजूर झालेल्या सिनॉप्सिस पाहायला मिळतात. तुम्हाला 'फॉरमॅट' पाहायचाच असेल तर मागच्या वर्षीच्या मित्राच्या झेरॉक्सपेक्षा ते पाहा. शेतीचा विषय असेल तर 'कृषिकोश' विसरू नका. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथं मिळतात. शोधताना एकाच शब्दावर अडू नका. वेचणी, मजुरी, शेतमजूर हे मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत, तिन्ही भाषांत टाकून पाहा. आमच्याकडच्या पोरांची निम्मी अडचण इंग्रजीची असते हे मला ठाऊक आहे. गोषवारा आणि शेवटचं प्रकरण एवढंच आधी वाचा, शब्दकोश शेजारी ठेवून. बाकीचं लागेल तसं.

आठ-दहा अभ्यास नीट वाचले तरी एम.ए.ला पुरे. प्रत्येकाबद्दल चार ओळी : काय विचारलं, कुठं, काय सापडलं, काय सुटलं. 'अमुक यांनी या विषयावर मोलाचा प्रकाश टाकला आहे' याचा अर्थ आपण ते वाचलेलं नाही, हे आराखडा मंजूर करणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाला कळतं. आणि हल्ली नवीनच सुरू झालंय : चॅटजीपीटीला संदर्भ मागायचे. तो देतो. लेखक, वर्ष, नियतकालिक, पान क्रमांक, सगळं झकास असतं, फक्त तो लेख कधीकधी अस्तित्वातच नसतो. जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही तो यादीत घालू नका. उताराच उचलून लावायचा मोह होत असेल तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018 चे नियम पाहा : 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे टप्प्याटप्प्यानं ती कडक होत जाते.

आकडे घेताना जरा थांबा. 2021 ची जनगणना लांबली, त्यामुळे गावनिहाय आकडे अजून 2011 चेच वापरावे लागतात. वर्ष लिहा म्हणजे झालं. त्यातलं 'शेतमजूर' हे सदर मात्र समजून घ्या. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य' कामगार, त्याहून कमी तर 'सीमांतिक'. आता जिच्या घरी दोन एकर आहे, जी जून-जुलैत स्वतःच्या वावरात निंदते आणि ऑक्टोबरपासून दुसऱ्याकडे वेचायला जाते, ती बाई शेतकरी की शेतमजूर? गणना करणाऱ्यानं एकाच रकान्यात खूण केली. तुमच्या आराखड्यात 'मजूर कोणाला म्हणायचं' ही व्याख्या दोन ओळींत लिहिलेली असली तर पुढचं अर्धं भांडण मिटतं. जिल्ह्याचे बाकीचे आकडे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' या सरकारी प्रकाशनात मिळतील.

उद्दिष्टं आणि गृहीतकं

पाच उद्दिष्टं आणि पाचही 'अभ्यास करणे' या शब्दांवर संपणारी, असा कागद आला की मी परत करतो. तीन पुरतात. मोजणे, तुलना करणे, नोंदवणे, शोधून काढणे अशी क्रियापदं वापरा. वेचणीच्या उदाहरणात ती अशी झाली : हंगामाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा दर नोंदवणे; किलोवर आणि रोजावर जाणाऱ्या बायांच्या दिवसाच्या कमाईची तुलना करणे; दर ठरवण्याच्या बोलणीत कोण कोण असतं ते शोधणे.

गृहीतक म्हणजे उत्तराचा आधी बांधलेला अंदाज. त्याची कसोटी एकच. ते खोटं ठरू शकतं का? 'महिला मजुरांची स्थिती हलाखीची आहे' हे कधी खोटं ठरणार? 'किलोवर वेचणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी कमाई रोजानं जाणाऱ्या बाईपेक्षा जास्त असते', हे ठरू शकतं. तुमचं काम नुसतं समजून घेण्याचं, मुलाखतींचं असेल तर गृहीतक नसलं तरी चालतं, संशोधन प्रश्न लिहा. काही विभाग तरीही रकाना भरायलाच लावतात. तिथं वाद घालत बसू नका, एक साधं लिहा आणि पुढं चला.

एक युक्ती सांगतो, मला कोणी सांगितली नव्हती. उद्दिष्टं लिहून झाली की कोऱ्या कागदावर रिकामे तक्ते आखा. रकान्यांची नावं टाका, आकडे नाहीत. ज्या उद्दिष्टासाठी एकही तक्ता आखता येत नाही किंवा मुलाखतीतलं एकही अवतरण कल्पता येत नाही, ते उद्दिष्ट नुसतं शोभेचं आहे, काढून टाका.

कोणाला विचारणार, किती जणींना

गावातल्या बाया मोजायच्या कशा? यादी लागते. मतदार यादी मिळते, ग्रामपंचायतीत कर आकारणीचा नमुना 8 असतो त्यातून घरं कळतात, रोजगार हमीच्या संकेतस्थळावर गावनिहाय जॉबकार्डं दिसतात. यातली कुठलीच यादी 'वेचणीला जाणाऱ्या बायांची' नाही. आशाताई किंवा अंगणवाडीताईजवळ बसून, घराघरांवर खूण करत ती आपल्यालाच तयार करावी लागते. दोन संध्याकाळी लागतात. आराखड्यात हे असंच लिहा, समिती खूश होते.

मग किती जणींना विचारायचं ते काढायला सगळे ते यामानेचं सूत्र लावतात. एकूण संख्या समजा 400 आणि चूक 5 टक्के चालणार असेल तर 400 भागिले (1 + 400 × 0.05 × 0.05), म्हणजे 400 भागिले 2, म्हणजे 200. चूक 10 टक्के धरली की 80. एकट्या पोरीनं चार महिन्यांत 200 जणींशी नीट बोलणं मला खरं वाटत नाही; 80 वाटतं. पण लक्षात ठेवा, यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढणार असाल तरच या सूत्राला अर्थ. पारावर भेटतील त्यांना विचारणार असाल तर 'सोयीनुसार निवड' असं सरळ लिहा. त्यात लाज नाही. सूत्र लिहून पारावर बसण्यात आहे.

प्रश्नावली आणि अनुसूची यांतला फरकही इथंच सांगतो, तोंडीला हमखास विचारतात. प्रश्नावली उत्तर देणारा स्वतः भरतो. अनुसूची आपण विचारून भरतो. आपल्याला गावात बहुधा अनुसूचीच लागते. ती आराखड्यासोबत जोडायच्या आधी पाच जणींवर करून पाहा. त्या पोरीनं पहिल्यांदा आईलाच विचारलं, "तुम्हाला योग्य मजुरी मिळते का?" आई म्हणाली, "मिळते न." संपलं. मग आम्ही प्रश्न बदलले. काल किती किलो झाला? काटा कोणी धरला? वरचे ग्राम धरतात की सोडतात? आई उठून बसली. संध्याकाळी धुऱ्यावर लटकता काटा कसा लागतो, गाठोडं अडकवलं की वावरवाल्याचा पोरगा मोबाईलच्या उजेडात आकडा वाचतो, साडेअकरा भरले तर अकरा लिहितो, आणि सकाळच्या दवानं ओला झालेला कापूस जड भरतो म्हणून तोही आपल्या परीनं वजन तोडतो, हे सगळं तिनं न थांबता सांगितलं. एका प्रश्नानं दोन्ही बाजू आल्या. दुसऱ्या मसुद्यात वावरवाल्यांच्या दहा मुलाखती वाढवल्या त्या यामुळेच.

"कोनाचा व्हय तू?"

गावात शिरल्यावर पहिला प्रश्न तुम्ही विचारत नाही, तुम्हाला विचारला जातो. कोणाचा, कोणत्या आळीचा, कोणाच्या घरचा. तुमचं आडनाव कळलं की समोरच्याचं निम्मं उत्तर ठरतं. मी माझ्याच गावात कर्जावर काम केलं. वडील सोसायटीच्या संचालक मंडळावर होते. चाळीस घरं फिरलो, चाळीसही घरांत सोसायटीचा कारभार उत्तम असल्याचं कळलं. मला वाटलं, गाव बरं चाललंय. मामाच्या गावी तोच प्रश्न विचारला तेव्हा लोक दोन-दोन तास बोलले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ती चाळीस घरं वाया गेली, एक सत्रही गेलं.

म्हणून 'मर्यादा' या शीर्षकाखाली 'वेळ व पैशाची मर्यादा' एवढंच लिहू नका. तुम्ही त्या गावात कोण आहात ते लिहा : जात, नातं, शेती किती, घरचं कोणी पदावर आहे का. बायांशी बोलायला जाणारा पोरगा असेल तर बोलणं कुठं होणार, सोबत कोण, तेही. जमत असेल तर एक गाव आपलं आणि एक परकं घ्या, तुलनेला तेच कामी येतं.

संमतीचंही असंच. पुस्तकात 'लेखी संमती' लिहिलेली असते. प्रत्यक्षात कागद पुढं केला की बाई म्हणते, "सई कायले पाह्यजे? घरकुलातून नाव त नाही कटनार?" तिची शंका खोटी नाही, तिच्याकडून सह्या घेऊन गेलेले पुष्कळ आहेत. तोंडी संमती घेऊन तारखेसह नोंदवणार, असं आराखड्यात लिहिलं आणि कारण दिलं तर चालतं. नावं बदलणार हे तर लिहाच. पण दोनशे घरांच्या गावात 'चार एकरवाली विधवा, मुलगा पुण्याला' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. गरज पडली तर गावाचंही नाव बदला.

वेळापत्रक

विद्यापीठाचं कॅलेंडर भिंतीवर असतं, कापसाचं वावरात. पेरणी जूनमध्ये, वेचणी दसरा-दिवाळीपासून पुढं. तुमचं तिसरं सत्र आणि वेचणीचा जोर नेमके एकमेकांवर येतात. त्या दिवसांत दुपारी दोनला गावात गेलात तर म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतील. रात्री आठनंतर किंवा बाजाराच्या दिवशी जा. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी बहुतेक मजुरीला सुट्टी असते, आठवड्याचा हिशेबही त्याच सुमारास होतो, म्हणजे आकडे डोक्यात ताजे असतात. बाजाराचा वार आराखड्यात लिहिणारी पोरगी मी आजवर एकच पाहिली आणि समितीनं तिला त्याबद्दल वेगळं विचारलं.

खर्चाचा रकाना असेल तर झेरॉक्स, एसटी, टायपिंग. मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेही धरा.

टायपिंग आणि त्यानंतर

तालुक्याच्या टायपिंग सेंटरवर अजून कृतिदेव हा जुना फॉन्ट चालतो. छापून छान येतं. तीच फाईल मेलनं विभागात गेली की उघडल्यावर 'Hk' आणि '.k' असलं काहीतरी दिसतं आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातलं ओ का ठो कळत नाही. युनिकोडमध्येच टाईप करून मागा. त्याहून बरं म्हणजे मोबाईलवर स्वतः बोलून किंवा टंकून घ्या, सेंटरवाल्याकडून फक्त मांडणी करून घ्या. संदर्भसूची मात्र दुसऱ्याच्या हाती देऊ नका. एकाच पद्धतीनं, आडनाव आधी, वर्ष, शीर्षक, प्रकाशक. पद्धत कोणती ते गाईडना विचारा, प्रत्येक विभागाची वेगळी आवड असते.

सादरीकरणाला दहा मिनिटं मिळाली तर आठ मिनिटं प्रस्तावनेत घालवू नका. प्रश्न, गावं, कोणाला विचारणार, एवढं आधी सांगा. "हेच गाव का?" हा प्रश्न येणारच. 'माझं आहे म्हणून' हे खरं उत्तर असलं तरी दुसरंही एक तयार ठेवा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "हे मी पाहिलं नाही, पाहून बदल करतो" म्हणा, वहीत लिहून घ्या आणि खरंच बदल करा. समितीनं सुचवलेल्या दुरुस्त्या तारखेसह एका पानावर टाईप करून गाईडची सही घेतलेली बरी, म्हणजे पुढच्या बैठकीला दुसरा कोणी उलटं सुचवायला लागला तर दाखवता येतं.

मंजुरी मिळाली की त्याच दिवशी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर शिफारसपत्र मागून घ्या : नाव, विषय, गावं, कालावधी, प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. शिक्क्याशिवाय ग्रामपंचायतीत नमुना 8 कोणी दाखवत नाही. पत्राच्या चार प्रती काढा. एक ग्रामसेवक ठेवून घेतो, एक तलाठ्याकडं जाते, एक सरपंच पाहतो म्हणून खिशात घालतो आणि विसरतो, चौथी तुमच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये.